तोंडावरचे बोट

पुढील वृत्तान्त मी लिहून सांगत आहे, कारण तो बोलून सांगण्यास मला सध्या मनाई आहे. ती कोणी केली आणि अद्याप का उठलेली नाही, हे योग्य जागी येईल. आधी मूळ मुद्दा. श्रिया बोलते. भरपूर बोलते. ती बोलत नाही असे ज्या कागदावर लिहिले होते तो कागद चूक होता, आणि हे मी संबंधितांना अत्यंत शांतपणे समजावून सांगितले. माझ्या शांतपणाला आमच्या कॉलनीत भांडण म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या घरी पाळणाघर आहे. ते माझ्या पत्नीचे, चारुशीलाचे. मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक. हयातभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना लेथ आणि कानस शिकवली, आणि निवृत्तीनंतर पाळणाघराची तांत्रिक बाजू हाती घेतली. पाळणाघराला तांत्रिक बाजू असते का, असा प्रश्न हिला पहिल्याच दिवशी पडला होता. तो अजूनही पडतो. परंतु चपलांसाठी फरशीवर रंगाने चौकटी आखल्यापासून आमच्याकडे एकाही मुलाची चप्पल हरवलेली नाही. चौकटीत पाय ठेवायला मुले घाबरतात आणि उड्या मारून घरात येतात, हा व्यायाम समजावा.

माझी सर्वांत मोठी सुधारणा वेगळीच आहे. कार्यशाळेत यंत्र दुरुस्तीला घेतले की मुख्य बटणाला कुलूप लावायचे, आणि ज्याने लावले त्यानेच ते काढायचे. दुसऱ्या कोणी, मग तो प्राचार्य का असेना, त्याला हात लावायचा नाही. या एका नियमामुळे माझ्या साऱ्या नोकरीत एकाही प्रशिक्षणार्थ्याचे बोट गेले नाही. तोच नियम मी पाळणाघरात आणला. मुलांना सूचना ज्याने दिली, त्यानेच ती संपवायची, आणि संपवताना 'मोकळं!' असे स्पष्ट म्हणायचे. तो शब्द येईपर्यंत सूचना चालू.

एकदा मी कैवल्य नावाच्या मुलाला भिंतीला टेकून उभे राहायला सांगितले आणि तेवढ्यात दारात गॅसवाला आला. त्याच्याशी सिलिंडरच्या वॉशरबद्दल सविस्तर चर्चा करून मी परतलो, तर कैवल्य टेकलेलाच. समोर चारुशीला केळे घेऊन उभी.

"अरे ये की राजा, खाऊन घे."

"आजोबांनी मोकळं न्हाय केलं अजून."

"अहो," ही माझ्याकडे वळून म्हणाली, "लेकरू आहे का कुलूप?"

मी तो प्रशंसेचा उद्गार समजलो.

आता श्रिया. ही सोनालीची मुलगी. सोनाली एसटीत वाहक आहे, तिचा नवरा शंभू बेंबळीला शेती पाहतो. श्रिया सकाळी 'ब्राइट बटन्स' नावाच्या नर्सरीत असते, दुपारी नर्सरीची रिक्षा तिला आमच्या दारात सोडते, आणि आईची गाडी सास्तूरची फेरी करून परत येईपर्यंत ती आमच्याकडे असते. या वेळात ती बोलते. जेवताना बोलते, चूळ भरताना बोलते, झोपेतही एखादा मुद्दा राहिला असेल तर तो पूर्ण करते. गळ्यात चारुशीलाची पर्स अडकवून ती वाहक होते आणि "चला, पुढं सरका, मागं जागा लई हाय" असे ओरडत सगळ्या मुलांना स्वयंपाकघरात कोंबते. माझ्या स्वतःच्या आरामखुर्चीत मला तिकिटाशिवाय बसता येत नाही. ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मागितली तर ओळखपत्र मागते.

वर्षअखेरीला या मुलीच्या हाती नर्सरीने एक कागद दिला. सोनाली तो घेऊन थेट ड्यूटीवरून आली, गणवेशातच, गळ्यात तिकिटाचे यंत्र तसेच.

"काका, हे वाचा."

मी वाचले. मुलगी वर्गात एकही शब्द बोलत नाही. छोट्या गटात पाठवणे योग्य नाही. आणखी एक वर्ष नर्सरीतच ठेवावे. आणि खाली, वेगळ्या ओळीत: 'घरी अथवा पाळणाघरात मुलीशी कोणी बोलत नसावे.'

"सगळी पोरं वर जाणार आन् माझीच खाली ऱ्हाणार," सोनाली डोळे पुसत म्हणाली. "सासूबाईंला कळलं तवापासून एकच धोशा. आई गाडीवर हिंडती म्हणून पोर मुकी झाली. नोकरी सोड आन् बेंबळीला ये. यांनी बी काल फोनवर काय म्हणावं? 'आई म्हणती त्यात तथ्य आसंल.' काकू, म्या लई कष्टानं लागले हो नोकरीला."

"कोण सोडायला लावतंय बघते मी," चारुशीला म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. श्रिया त्या वेळी ओट्याखाली बसून मांजरीला तिकीट फाडत होती आणि सुट्टे पैसे का आणले नाहीत म्हणून तिला रागावत होती.

मी कागद पुन्हा वाचला. शेवटची ओळ मला लागली. ज्या घरात आवाजामुळे रेडिओ लावणे आम्ही सोडून दिले आहे, त्या घरावर शांततेचा आरोप! मी तत्क्षणी ठरवले: पाळणाघराचा स्वतःचा प्रगती अहवाल नर्सरीला सादर करायचा.

ही बातमी भिंतीपलीकडच्या सत्यभामाबाईंना लगेच कळली, कारण मी ती मोठ्याने ठरवली होती.

"अहवाल-बिव्हाल ऱ्हाऊ द्या," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "येरमाळ्याला जाऊन या. येडाईला साकडं घाला. वाचा फुटती लेकराची."

"फुटलेलीच आहे, सत्यभामाबाई," आतून चारुशीला म्हणाली. "दुपारी तासभर मिटायचं काही साकडं असलं तर सांगा."

समोरचे हिंमतराव, बस स्थानकाचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, यांनी एकच प्रश्न विचारला: "शिक्का हाय का?"

"अहवालाला मजकूर महत्त्वाचा."

"सर, म्या जलमभर कागदं पाह्यली. मजकूर कुणी वाचत न्हाय. शिक्का गोल हाय का चौकोनी, एवढंच बघतेत."

मी या मताकडे दुर्लक्ष केले आणि अहवालाला लागलो. तांत्रिक शिक्षणाचा उपयोग आयुष्यात केव्हा होईल सांगता येत नाही. श्रियाची आकृती मी रीतसर तीन दृश्यांत काढली: समोरून, बाजूने आणि वरून. वरच्या दृश्यात मुख्यतः भांग आणि दोन रिबिनी येतात, पण वरचे दृश्य नसेल तर आकृती अपूर्ण असते. डोक्याचे माप कॅलिपरने घेण्याचा माझा प्रयत्न पत्नीने हाणून पाडला, तशी तळटीप दिली. 'बोलणे' या सदराखाली लिहिले: 'अखंड. विश्रांतीची आवश्यकता आढळली नाही. आवाज शेजारच्या भिंतीपलीकडे पोहोचतो. साक्षीदार, श्रीमती सत्यभामाबाई.'

अहवाल घेऊन मी ब्राइट बटन्समध्ये गेलो. दारातल्या मुलीने "आजोबा, नातवाला न्यायला आलात का?" असे विचारून सुरुवातच चुकीची केली. संचालिका शिवगंगा मॅडम यांनी मला एका पिवळ्या, प्लॅस्टिकच्या, बदकाच्या आकाराच्या खुर्चीवर बसवले. माणसाचे गुडघे त्याच्या कानांच्या रेषेत आले की त्याच्या युक्तिवादाचे वजन कमी होते, हे त्यांना ठाऊक असावे.

"सॉरी, आम्ही बाहेरचं रेकॉर्ड घेत नाही," त्या म्हणाल्या.

"मी बाहेरचा नाही. मी दुपारचा आहे."

"म्हणजे?"

"मुलगी सकाळी आपल्याकडे, दुपारी आमच्याकडे. यंत्र दोन पाळ्यांत चालत असेल तर पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्याला नोंद देतो, दुसरा पहिल्याला देतो. नाहीतर एकाने सैल केलेला नट दुसरा पिळत बसतो."

"इथं यंत्रं नाहीत सर. टॉडलर्स आहेत." त्यांनी अहवाल उघडला. बराच वेळ एकाच पानाकडे पाहिले. मग पान आडवे धरून पाहिले. "हे काय आहे?"

"वरून दिसणारी श्रिया."

त्यांनी अहवाल मिटला. "तुम्ही मान्यताप्राप्त आहात का? मान्यताप्राप्त संस्थेचं असेल तर बघू."

मी ताडकन उठलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती काढायला दारातली मुलगी आणि रिक्षावाला असे दोघे लागले, आणि या काळात मी जे सडेतोड बोललो त्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही.

मान्यता मिळवायची ठरली. पहिल्या कार्यालयात (नाव सांगत नाही, तिथे अजून माझे काम आहे) त्यांनी विचारले, "अंगणवाडी हाय का?" नाही म्हणालो. "मग आमच्याकडं कशाला आलात?" असे म्हणून त्यांनी मला दुसऱ्या कार्यालयात पाठवले. तिथे महांतप्पा नावाचे लिपिक होते; गृहस्थ मनाने चांगले, फक्त त्यांच्या संगणकातली यादी अपुरी.

"पाळणाघर न्हाय बघा ह्यात," ते यादी वरखाली करत म्हणाले. "गोदाम टाकू का?"

"माल जिवंत आहे."

"मग कोंडवाडा हाय."

"अहो, मुलं आहेत ती!"

"चिडू नका सर. हे बघा, मंगल कार्यालय. जेवणं होतेत, दंगा होतोय, आन् संध्याकाळी समदे आपापल्या घरी जातेत. बरुबर बसतंय."

ते खरोखर बसत होते, हेच मला सहन झाले नाही. मी अर्ज परत घेतला, आणि अर्ज परत घेतल्याचा अर्ज दिला. त्याची पोच मागितली. पोच देणारे जेवायला गेले होते.

राहिला हिंमतरावांचा मार्ग. मी तत्त्व सोडले असे कोणी समजू नये. मी फक्त शिक्का करायला टाकला. बस स्थानकाजवळच्या कारागिराने कडेने 'चारुशीला पाळणाघर, धाराशिव' ही अक्षरे सुबक बसवली, पण मधोमध कुण्या दूधवाल्याने करायला सांगून न नेलेले गाय-वासरू तसेच राहू दिले.

"मधी रिकामं बरं दिसत न्हाय साहेब," तो म्हणाला. "आन् गाय काय वाईट हाय का?"

चारुशीलाने शिक्का पाहिला आणि खूप दिवसांनी मनापासून हसली. "राहू द्या. माझंच चित्र आहे ते."

नर्सरीत अंतिम निर्णयाची बैठक होती. सोनालीने रजा काढली होती. तिने मला निघताना एवढेच सांगितले, "काका, आज न्हाय झालं तर म्या राजीनामा लिहून ठिवलाय. यांनी लिहून घेतलाय." अहवाल काखेत घेतला आणि श्रियाला घेऊन आम्ही तिघे गेलो. या वेळी मी उभाच राहिलो. बदकावर बसण्याची विनंती दोनदा नाकारली.

शिवगंगा मॅडमनी शिक्का पाहिला. "ही दूध संघाची शिफारस आहे का?"

"ते वात्सल्याचे चिन्ह आहे," मी म्हणालो.

वर्गशिक्षिका देवश्री मिस, वयाने लहान, स्वभावाने गरीब, यांनी श्रियासमोर प्लॅस्टिकचे सफरचंद धरले. "श्रिया, व्हॉट इज धिस?"

श्रिया गप्प.

"श्रिया, सांग की बाळा," सोनाली कळवळून म्हणाली. "घरी सांगतीस ना?"

श्रिया गप्प. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. "बघा," मॅडम म्हणाल्या, "वर्षभर हे असंच आहे." सोनालीने पदराने तोंड झाकले.

तेव्हा मला ते बोट दिसले. श्रियाच्या उजव्या हाताची तर्जनी ओठांवर होती, अगदी अलगद, सवयीने ठेवलेली. आमच्याकडे या मुलीचे बोट वरणात असते, नाकात असते, कैवल्यच्या कानात असते. ओठांवर ते मी कधीही पाहिले नव्हते.

"हे बोट असे केव्हापासून आहे?"

"ती कायम तशीच बसते सर," देवश्री मिस म्हणाल्या. "शिस्त खूप छान आहे तिची."

"ठेवायला कोणी सांगितले?"

"मीच. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सांगते. फिंगर ऑन लिप्स."

"आणि मोकळे केव्हा केलेत?"

"मोकळं म्हणजे? मुलं काढतात की हो आपोआप."

"ज्यांना शिस्त नाही ती काढतात!"

मग सोनाली सावकाश माझ्याकडे वळली. "काका... म्हंजी ही तुमच्या त्या मोकळं-मोकळंमुळं वर्षभर..."

"तांत्रिकदृष्ट्या पाहता," मी म्हणालो, "सूचना देणाऱ्याने सूचना बंद न केल्यामुळे. आणि सूचना नर्सरीची, म्हणून बोट नर्सरीपुरतेच." हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो आणि उद्याही म्हणेन.

सोनालीने मुलीला जवळ ओढले. "मोकळं, बाई! मोकळं! झालं मोकळं!" श्रियाने मान हलवली आणि दुसऱ्या हाताने देवश्री मिसकडे दाखवले. माझा ऊर भरून आला. आईने म्हटले तरी कुलूप निघाले नाही! असा प्रशिक्षणार्थी मला संपूर्ण सेवेत मिळाला नव्हता.

"मिस, आपण म्हणा," मी म्हणालो.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "या कॅम्पसमध्ये इन्स्ट्रक्शन्स फक्त इंग्लिशमधून. पेरेंट्सना आम्ही तसं लिहून दिलंय."

देवश्री मिसनी प्रयत्न केला. "फ्री," त्या म्हणाल्या. बोट हलले नाही. "रिलीज." नाही. "ओपन युवर माउथ." श्रियाने बोट न काढता तोंड उघडले, दात दाखवले आणि मिटले.

"तुम्ही तुमचा शब्द बदला ना सर," मॅडम मला म्हणाल्या.

"तिने नियम पाळला आहे. पाळणाऱ्याला बदलायला लावायचे आणि विसरणाऱ्याला सूट द्यायची, असे माझ्या कार्यशाळेत कधी झाले नाही. इथेही होणार नाही. मी थांबतो." आणि केवळ निषेध म्हणून मी त्या बदकावर बसलो. उठवून दाखवा म्हणालो. मागचा अनुभव सर्वांना आठवत असावा; कोणी पुढे आले नाही.

देवश्री मिसनी मॅडमकडे पाहिले. सोनालीकडे पाहिले. मग त्या खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोकळं, श्रिया. मोकळं."

बोट खाली आले. श्रियाने ते नीट पाहिले, फ्रॉकला पुसले आणि सुरुवात केली.

"मिस, ते सफरचंद हाय. अॅपल म्हणायचं आसतंय त्याला. पण ते प्लॅस्टिकचं हाय आन् त्याला मागून कुणीतरी चावलंय, म्या न्हाय चावलं. आन् त्या दिशी तुमी चित्रातल्या कोकिळेला क्रो म्हणलात, म्या सांगणार व्हते पण बोट व्हतं. आन् झोपायच्या तासाला आमी झोपत न्हाय, तुमीच झोपताव. आन् मोठ्या मॅडम आमाला म्हणत्यात डब्यात सँडविचच आणा, आन् त्या कपाटामागं धपाटे खात्यात. दह्यासंगं. मला बी धपाटे लई आवडतेत पण कुणी इचारलं न्हाय. आन् सुट्टी झाली की समदी पोरं दारात दाटी करतेत, कुणी रांग लावत न्हाय. असं न्हाय चालत." एवढे बोलून तिने दम घेतला, खोलीवर एक नजर टाकली आणि आवाज चढवला. "चला, पुढं सरका! मागं जागा लई हाय!"

आणि शिवगंगा मॅडम चक्क पुढे सरकल्या.

सोनाली हसत होती की रडत होती, हे मला नक्की सांगता येणार नाही. मी खुर्चीत अडकलो होतो. तरी बसल्या जागेवरून मी म्हणालो, "सकाळच्या पाळीची नोंद आम्हाला आज प्रथमच मिळाली. अतिशय सविस्तर आहे. आभारी आहोत."

मॅडमचा चेहरा कपाटाकडे वळला, मग आमच्याकडे आला. "तो कागद द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी नवा कागद घेऊन लिहिले: मुलगी बोलते, छोट्या गटात पाठवावे. मी 'भरपूर' हा शब्द घालायला लावला. जुन्या कागदावरची ती शेवटची ओळ खोडण्यासाठी देवश्री मिसनी पेन उचलले, तेव्हा मी त्यांना थांबवले. ज्याने लिहिले त्यानेच खोडायचे. मॅडमनी ती स्वतः खोडली, दोन रेघांनी, आणि बाजूला सही केली.

सोनालीने राजीनाम्याचा कागद दारातच फाडला आणि सवयीने त्याचा एक तुकडा श्रियाच्या हातात दिला. श्रियाने तो तपासला आणि म्हणाली, "बसा."

आता नर्सरीचा आणि आमचा अहवाल दर आठवड्याला एकमेकांकडे जातो. रिक्षावाला तो पोहोचवतो. नर्सरीचा पहिला अहवाल आला त्यात एकच वाक्य होते: 'श्रिया वर्गात फार बोलते, कृपया उपाय सुचवावा.' मी तो शेरा मारून परत केला. 'फार' म्हणजे किती, याचे माप दिलेले नाही. वरचे दृश्य जोडलेले नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.

हा सारा प्रसंग मी हिंमतरावांना सांगितला, सत्यभामाबाईंना सांगितला, गॅसवाल्याला सांगितला, आणि मुद्दाम महांतप्पांच्या कार्यालयात जाऊन त्यांनाही सांगितला. सत्यभामाबाईंचे पाहुणे आले होते, त्यांना सांगायला मी कुंपणापाशी नुकताच उभा राहिलो, तेव्हा मागून चारुशीलाचा आवाज आला.

"अहो, आता पुरे. तोंडावर बोट ठेवा बघू."

मी ठेवले. पाहुण्यांपुढे नियम मोडणे शक्य नव्हते. त्यानंतर तिने तो शब्द उच्चारलेला नाही. ती विसरली असेल, असे हिंमतरावांना वाटते. ती विसरलेली नाही. काल मी तिच्यासमोर उभा राहून दुसऱ्या हाताने बोटाकडे निर्देश केला, तेव्हा ती मटार सोलता सोलता म्हणाली, "दिसतंय मला."

दुपारी श्रिया आली. तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि दया येऊन म्हणाली, "आजोबा, मोकळं." मी मान हलवली. तिने थोडा विचार केला आणि तीही मान हलवू लागली. "व्हय, बरुबर हाय. आजींनीच म्हणलं पायजे."

उजव्या हाताची तर्जनी कामात असल्यामुळे हा वृत्तान्त मी डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षराबद्दल दिलगिरी व्यक्त करणार नाही. चारुशीला हे आत्ता माझ्या खांद्यावरून वाचते आहे. तिने खुशाल वाचावे. तिची सूचना तोंडापुरती होती. हाताचा तिने उल्लेख केलेला नाही.